गरम झाली की रुसते : जुन्या एमपीएफआय गाडीतले दोन बग

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच कमी केलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजच्या भागात कोडिंग नाही, पण डीबगिंग भरपूर आहे. विषय आहे आमच्या घरची २००५ सालची पेट्रोल गाडी. चार सिलिंडर, छोटी हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष कंपनीचा नाहीये. एवढ्या वर्षांनी माणसाचे गुडघे दुखतात, तसं गाडीचं काहीतरी दुखणारच.

त्रास दोन होते. एक, गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची, पण गरम असताना बंद केली आणि थोड्या वेळाने सेल्फ मारला की सुरूच व्हायची नाही. दुसरा, चढावर झटके खायची. गॅरेजच्या भाषेत 'मिसिंग'. तुमच्याकडे वडिलांची, काकांची अशी जुनी गाडी असेल तर हा भाग शेवटपर्यंत ऐका. आम्ही ज्यात पैसे घालवले, त्यात तुमचे तरी जाऊ नयेत.

घाटातली रात्र

आईबाबा कराडला असतात, मी पुण्यात. बाबांना आम्ही आप्पा म्हणतो. आईचं माहेर चिपळूण. आजी तिथेच असते, आता फार हिंडत-फिरत नाही, म्हणून आई-आप्पा महिन्या-दीड महिन्याला जाऊन येतात. पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरायचा की आलं.

गेल्या जुलैत परत येताना, संध्याकाळची वेळ, धो धो पाऊस आणि धुकं. पोफळीच्या पुढे चढ सुरू झाला आणि गाडी झटके खायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही. मागून ट्रक हॉर्न देतोय. आप्पांनी जरा रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली, बंद केली, म्हटलं दोन मिनिटं दम खाऊ दे. पाऊस थोडा कमी व्हायची वाट बघत पंधरा-वीस मिनिटं गेली. मग सेल्फ मारला. स्टार्टर फिरतोय, जोरात फिरतोय, पण इंजिन धरत नाही. घाटात, अंधारात, मोबाइलला रेंज नाही. पाऊण तासाने गाडी आपोआप सुरू झाली, काही झालंच नाही अशी.

त्या दिवसापासून आई त्या गाडीत बसायची बंद झाली. चिपळूणला जायचं तर एसटीने, नाहीतर मी पुण्याहून येईन तेव्हा. आणि मी काय महिन्याला येतोय? आजी फोनवर विचारायची, "कधी येतेस गं?" आई म्हणायची, "बघू."

वर गाडीची नोंदणी संपायला चार महिने राहिले होते. पंधरा वर्षांनी एकदा पाच वर्षांसाठी नूतनीकरण केलं होतं, आता पुन्हा तोच प्रश्न. मी फोनवर सरळ सांगून टाकलं, "आप्पा, भंगारात द्या ती. मी नवीन घेतो, हप्ते मी भरतो." आप्पा काही बोलले नाहीत. आमच्याकडे आप्पा बोलले नाहीत म्हणजे त्यांना पटलेलं नसतं.

आमचा पोपट झाला

तोपर्यंत काय काय झालं होतं ते सांगतो. आमचे गॅरेजवाले मिस्त्री मामा चांगले माणूस आहेत, त्यांच्या हाताला यश आहे. त्यांनी प्लग बदलले. मग पेट्रोल फिल्टर. मग थ्रॉटल बॉडी साफ केली. मग पेट्रोल पंप बदलला. दर वेळी गाडी "आता झाली" म्हणून घरी यायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. एकूण साडेतेरा हजार गेले.

बरं, यात मामांची चूक म्हणावी तर ती पण नाही. गाडी बंद पडते रस्त्यात. टो करून किंवा थंड होऊन ती गॅरेजला पोचेपर्यंत एक-दोन तास गेलेले असतात. तिथे सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात सुरू! घरी तापाने फणफणलेलं पोर डॉक्टरच्या दारात गेलं की उड्या मारतं ना, तसं. जो बिघाड डोळ्यांसमोर घडतच नाही तो माणूस दुरुस्त कसा करणार? मग तो अंदाजाने पार्ट बदलतो. सॉफ्टवेअरमध्ये आपण 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

गणपतीत मी घरी आलो ते ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर घेऊन. म्हटलं, बीटेक केलंय, पाच मिनिटांत एरर कोड काढून दाखवतो. प्लग लावला, ॲप उघडलं... कनेक्टच होईना. अर्धा तास झटापट केली. मग वाचलं तेव्हा कळलं, आपल्याकडे ओबीडी सक्तीचं झालं ते बीएस-४ च्या काळात, २०१० पासून पुढे. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत ईसीयू असतो, पण तो कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त स्कॅनरला ती भाषा येत नाही. काही गाड्यांत ठरलेली एक पिन अर्थला जोडली की डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि तो किती वेळा लुकलुकला ते मोजून कोड वाचता येतो. आमच्या गाडीत ते करून बघितलं. कोड काय आला? सगळं ठीक.

आप्पा बाजूला उभे. म्हणाले, "झालं का कॉम्प्युटरचं?" पोपट.

आप्पांची डायरी

मग आप्पा आत गेले आणि डायरी घेऊन आले. तुमच्याही घरी असेल. पेट्रोल किती भरलं, किलोमीटर किती झाले, हवा कधी भरली. आप्पा यात बिघाडाच्या नोंदीपण करतात, एका ओळीत. मला नोंदी होत्या हे माहीत होतं, पण मी त्या कधी वाचल्याच नव्हत्या. म्हणजे लॉग फाइल घरात पडलेली, आणि मी स्कॅनर विकत घेत होतो.

दोन वर्षांच्या नोंदी मी फोनवर एका शीटमध्ये टाकल्या. दोन रंग. गाडी सुरू न होण्याला लाल, झटक्यांना निळा. उदाहरणं सांगतो.

एप्रिल : "उंब्रजला चहा. नंतर चालू नाही. अर्ध्या तासाने चालू." लाल.
मे : "पाटणला बँकेत काम, वीस मिनिटे. चालू नाही." लाल.
जून : "गाडी धुतली, लगेच निघालो, झटके." निळा.
ऑगस्ट : "पाऊस, चढ, झटके. सपाटीवर ठीक." निळा.
डिसेंबर : "पेट्रोल भरून लगेच चालू. नंतर मंडईत थांबलो, चालू नाही." लाल.

शीट भरल्यावर चित्र एकदम स्वच्छ दिसलं. लाल नोंदी बाराही महिने होत्या, पण प्रत्येक वेळी गाडी गरम आणि पंधरा ते तीस मिनिटं उभी. दोन मिनिटं थांबली तर त्रास नाही, रात्रभर थांबली तरी नाही. निळ्या नोंदी फक्त ओलाव्यात, आणि तेही चढावर. एप्रिल-मेच्या उन्हात एकही झटका नाही.

म्हणजे हे एक दुखणं नव्हतंच. दोन वेगळे बिघाड होते. त्या रात्री घाटात दोन्ही एकापाठोपाठ आले: पावसात चढावर झटके, म्हणून गाडी थांबवली, थांबवली म्हणून दुसरा बिघाड जागा झाला. आणि आम्ही सगळ्यांनी मनात गाठ मारून ठेवली की गाडीला 'काहीतरी एक' झालंय. त्या एकाच कारणाच्या शोधात साडेतेरा हजार गेले.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, कारण फॅमिली ग्रुपवर प्रत्येकाचं उत्तर एकच होतं, ई२०. आता जुन्या गाड्या २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या नाहीत, त्यांच्या रबरी पाइप आणि सीलवर परिणाम होऊ शकतो, मायलेजही थोडं पडतं. हे खरं आहे. पण म्हणून प्रत्येक बिघाड त्याच्या नावावर टाकता येत नाही. आमचा निळा बिघाड पुढे एकाच सिलिंडरमध्ये सापडला. पेट्रोल तर चारही सिलिंडरला तेच जातं.

बग डोळ्यांसमोर घडवायचा

आता थोडी थिअरी, दोन मिनिटांत. पेट्रोल इंजिनला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन. आणि हे सगळं वेळेवर. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल हवेच्या ओढीने यायचं. एमपीएफआयमध्ये प्रत्येक सिलिंडरला आपला इंजेक्टर असतो आणि तो कधी, किती वेळ उघडायचा हे ईसीयू ठरवतो. म्हणून गाडी सुरू होत नसताना ॲक्सिलरेटर पंप करून फायदा नसतो. आप्पा अजून करतात. जुन्या स्कूटरची सवय.

ईसीयूला इंजिन नेमकं कुठल्या स्थितीत आहे हे सांगतो क्रँक सेन्सर. क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चकती फिरते. काही इंजिनांत ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ दात मुद्दाम गाळलेले असतात. ती फट आली की ईसीयूला कळतं, क्रँकशाफ्ट अमुक ठिकाणी आहे. सेन्सर म्हणजे काय, तर एक चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. दात समोरून गेला की सिग्नल तयार होतो. हा सिग्नल गेला तर ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाहीये. मग तो ठिणगीही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट, 'पंधरा ते तीस मिनिटं' हा आकडा कुठून येतो? इंजिन बंद केलं की कूलंट फिरायचं थांबतं, समोरून हवाही येत नाही. पण लोखंडात साठलेली उष्णता कुठे जाणार? ती बॉनेटखाली पसरते. त्यामुळे गाडी बंद केल्यावर पहिली काही मिनिटं आजूबाजूचे भाग थंड न होता उलट जास्त तापतात. मग हळूहळू उतरतात. आमच्या लाल नोंदी बरोबर या उंचवट्यावर बसत होत्या.

आता काम सोपं झालं. बिघाड रस्त्यात गाठण्यापेक्षा दारातच घडवायचा. आप्पांनी अर्धा तास गाडी फिरवून आणली, दारात उभी केली, बॉनेट बंद. मी फोनवर वीस मिनिटांचा टायमर लावला. आई ओट्यावरून बघत होती, म्हणाली, "गाडीला काय कुकरसारख्या शिट्ट्या द्यायच्यात का?"

टायमर वाजला. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. आप्पांनी सेल्फ मारला. स्टार्टर फिरतोय, इंजिन धरत नाही. मी जन्मात पहिल्यांदा गाडी सुरू न झाल्यावर नाचलो असेन!

मग एकेक करत चार गोष्टी बघितल्या. थांबत नाही तो बिघाड, त्यामुळे घाई होती, पण क्रम आधीच कागदावर लिहिला होता.

एक, स्टार्टर नेहमीच्या वेगाने फिरतोय का? हो. म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक. गरम झाल्यावर स्टार्टरच जड फिरत असेल तर तो वेगळा आजार, त्याची वाट वेगळी.

दोन, चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोन सेकंद 'ऊंऽऽ' आवाज येतो का? येतो. चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून प्रेशर बनू दिलं आणि मग सेल्फ मारला. तरी नाही. असं केल्यावर गाडी सुरू झाली असती तर संशय लाइनमधलं प्रेशर उतरण्यावर गेला असता, म्हणजे पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर.

तीन, ठिणगी. स्पार्क टेस्टर मिळतो, तो प्लग वायरला लावला. ठिणगी नाही.

चार, इंजेक्टर. कनेक्टर काढून त्यात छोटा टेस्ट लाइट लावला. सेल्फ मारताना तो लुकलुकायला हवा. नाही लुकलुकला.

आता बघा. ठिणगी पण नाही आणि इंजेक्टर पण नाही. तुमच्या सिस्टिममधल्या दोन वेगळ्या सर्व्हिस एकाच क्षणी पडल्या तर तुम्ही काय बघता? दोघी मिळून कोणावर अवलंबून आहेत ते. कॉइल आणि चार इंजेक्टर एकदम मरत नाहीत. दोघांच्या वर बसलेला माणूस गप्प झालाय. एक तर ईसीयूचा सप्लाय, नाहीतर क्रँक सेन्सर. सप्लाय मोजला, होता. उरला सेन्सर.

सेन्सरचा रेझिस्टन्स मी सकाळी गाडी थंड असताना मल्टीमीटरवर मोजून ठेवला होता, ५४५ ओम. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. म्हणजे सेन्सर साठ-सत्तर अंशांनी तापला तर पाऊणेसातशेच्या आसपास यायला हवा. कनेक्टर काढून मोजला. मीटर म्हणतो, ओपन. तार तुटलेली आहे असं!

फडकं गार पाण्यात भिजवून पिळलं आणि फक्त सेन्सरवर धरलं. गरम सायलेन्सरवर किंवा ब्लॉकवर पाणी ओतू नका हं, तडा जाऊ शकतो आणि वाफेने हात भाजतो. सहा-सात मिनिटांनी मीटरवर आकडा परत आला, ६४०. कनेक्टर जोडला. "आप्पा, मारा." पहिल्या सेल्फला सुरू.

आतली ती केसासारखी तार कुठेतरी तुटलेली होती. थंड असताना टोकं एकमेकांना टेकायची, तापून प्रसरण झालं की सुटायची. एवढंच. हजाराच्या आतला पार्ट.

नवीन सेन्सर बसवला आणि तोच अर्धा तास, तीच वीस मिनिटं, असं तीन वेळा केलं. तिन्ही वेळा सुरू. मग मी जुना सेन्सर परत लावला. आप्पा वैतागले, "अरे, चालू झालेली गाडी परत कशाला बिघडवतोस?" मी म्हटलं, आप्पा, जुना लावल्यावर पुन्हा बंद पडली तरच खात्री, नाहीतर कनेक्टर हलवल्यामुळे सुधारली असेल. वीस मिनिटांनी गाडी बंद पडली. आप्पांनी तेव्हा मान हलवली. डायरीत त्यांनी त्या दिवशी दोन ओळी लिहिल्या.

मीटर पास, गाडी नापास

राहिला निळा बिघाड, झटके. आमच्या इंजिनला दोन कॉइल आहेत. एक कॉइल १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ ला. ही रचना निदानाला फार कामाची. कॉइल खराब असेल तर जोडीतले दोन्ही सिलिंडर रुसतात. प्लग किंवा प्लग वायर खराब असेल तर एकच.

पण गणपतीत पाऊस उघडला होता. मग पाऊसही आपणच पाडायचा. कुंड्यांना पाणी मारायची स्प्रेची बाटली घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि प्लग वायरवर बारीक फवारा मारला. इंजिन लगेच लडबडायला लागलं. आता कुठला सिलिंडर? चालू इंजिनमध्ये एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघायचा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिनचा आवाज पडतो. जो सिलिंडर आधीच काम करत नाही त्याचा काढला तर काही फरक पडत नाही. १ काढला, पडला. २, पडला. ३ काढला... काहीच नाही. ४, पडला. म्हणजे फक्त ३. जोडीतला २ चांगला, म्हणजे कॉइल सुटली. प्लग नवीन होते. उरली ३ नंबरची वायर.

जुने लोक यासाठी चालू इंजिनमध्ये प्लग वायर उपटतात. ते करू नका. एक तर तिथे हजारो व्होल्ट असतात. दुसरं म्हणजे ठिणगी नसताना पेट्रोल आत जातच राहतं आणि न जळता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवतं. तो पार्ट महाग आहे. म्हणूनच मिसिंग असलेली गाडी 'चालतेय ना' म्हणून महिनोन्महिने दामटू नये.

वायर काढून मीटरवर मोजली. बाकी तिघींसारखीच, अगदी छान. इथे मी अडकलो. वायर चांगली आहे असं मीटर सांगतोय, इंजिन सांगतंय नाही. मग लक्षात आलं, मीटर वायरच्या आतला मार्ग मोजतो, तोही त्याच्या आतल्या बॅटरीच्या दोन-चार व्होल्टवर. बिघाड वायरच्या कातडीत असेल तर त्याला दिसणारच नाही. टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही असं नसतं. तुम्ही काय टेस्ट केलंत ते महत्त्वाचं.

त्या रात्री दारातले दिवे बंद केले, बॉनेट उघडलं, इंजिन चालू, हलका फवारा. आणि दिसली. ३ नंबरच्या वायरवरून इंजिनच्या ब्लॉककडे उडणारी निळी ठिणगी, टिकटिक टिकटिक. रबराला एक बारीक भेग होती. कोरडं असताना वीज प्लगपर्यंत जायची. ओलावा आला की तिला भेगेतून ब्लॉकचा जवळचा रस्ता मिळायचा.

आणि चढावरच का? चढावर ॲक्सिलरेटर जास्त दाबलेला असतो, सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण दाबलं जातं, आणि दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. वीज म्हणते, एवढे कष्ट कोण घेणार, इथली भेग बरी. सपाटीवर ती बिचारी प्लगला जात होती.

आई आमच्या मागे येऊन उभी होती. ती ठिणगी तिने पण बघितली. म्हणाली, "एवढ्याशा ह्याच्यामुळे?"

हा प्रयोग करणार असाल तर पेट्रोलचा वास येत असताना अजिबात नको, सैल बाह्या आणि ओढणी पंख्यापासून लांब, आणि वायरला हात लावायचा नाही. हात खिशात ठेवून बघा.

चारही वायरींचा सेट बदलला. फवारा मारला, इंजिन ढिम्म हललं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही जुने पार्ट घेऊन मिस्त्री मामांकडे गेलो. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. त्यांनी सेन्सर हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "माझ्यासमोर ती कधी बंदच पडली नाही रे." मग म्हणाले, तापवायची आयडिया चांगली आहे, पण तास-तास एका गाडीला दिला तर बाकीच्या गिऱ्हाइकांनी काय करायचं? बरोबर आहे त्यांचं. म्हणून तो तास आपण द्यायचा. त्यांनी जुना सेन्सर ठेवून घेतला, पोरांना दाखवायला.

तुमच्या गाडीसाठी

आता थोडक्यात, तुमची गाडी असं करत असेल तर.

पार्ट बदलायच्या आधी आठ-दहा वेळा नोंद करा. किती वेळ चालवली, किती वेळ थांबवली, ऊन की पाऊस, चढ की सपाटी, स्टार्टर फिरला की नाही. फोनमध्ये दोन ओळी पुरतात.

गरम असताना सुरू होत नसेल तर आमच्यासारखा क्रँक सेन्सरच असेल असं धरून चालू नका. चावी ऑन-ऑफ करून सुरू झाली तर पेट्रोलचं प्रेशर बघा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारल्यावर सुरू झाली आणि पेट्रोलचा वास आला तर आत पेट्रोल जास्त झालंय. बऱ्याच गाड्यांत असं दाबून धरलं की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि इंजिन मोकळं होतं. मग गळका इंजेक्टर किंवा कूलंट टेंपरेचर सेन्सर बघा. तो सेन्सर इंजिन थंड आहे असं खोटं सांगत असेल तर ईसीयू गरम इंजिनलाही जास्त पेट्रोल पाजतो. ठिणगी नाही पण इंजेक्टर चालू असेल तर कॉइलकडे जा. दोन्ही नसतील तर क्रँक सेन्सर आणि सप्लाय. आणि सगळं असून सुरू होत नसेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स फार कमी झालेलं असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीत.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि गॅरेजला जाताना "गाडी त्रास देते" सांगू नका. "अर्धा तास चालवून वीस मिनिटं थांबवली की ठिणगी जाते" असं सांगा. मिस्त्री तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल आणि तुमचे पैसे वाचतील.

भाऊबीजेला आई-आप्पा चिपळूणला निघाले. मी मागच्या सीटवर. कोयनानगरला आप्पांनी चहाला गाडी थांबवली. कोणी काही बोललं नाही, पण चहा संपल्यावरही आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो. आप्पा घड्याळ बघत होते. बरोबर वीस मिनिटं. मग गाडीत बसलो. आईने पर्स मांडीवर घट्ट धरलेली, नजर चावीवर. आप्पांनी सेल्फ मारला. सुरू.

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डायरीत लिहा हे पण."

नोंदणीचं नूतनीकरण केलं, आणखी पाच वर्षं. मी भंगाराचा विषय पुन्हा काढलेला नाही. आता महिन्यातून एकदा फोन येतो, "आम्ही चिपळूणला निघालोय रे", आणि मी येणार का, हे कोणी विचारतही नाही.

तर मंडळी, तुमच्या घरातल्या जुन्या गाडीची, स्कूटरची, पंपाची, कशाचीही अशी 'कधी कधीच होतं' वाली तक्रार असेल तर मला पाठवा. फक्त एक अट आहे, सोबत निदान पाच नोंदी हव्यात. डायरीच्या पानाचा फोटो चालेल. पुढच्या भागात भेटू.